आजोबांच्या पेटीतला पितळी साचा : गोळ्यांचा की गळाचा?

वेसावकरीण

नमस्कार. मी वेसाव्याची, कोळीवाड्यातच जन्मले, वाढले. इथे पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मे महिन्यात घराची डागडुजी काढली तेव्हा माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. आत गंजलेले गळ, दोऱ्यांचे गुंडे, लाकडी मुठीचं गिरमिट, एक काळी पडलेली लोखंडी पळी आणि सगळ्यात तळाला मेणकापडात गुंडाळलेला हा साचा. दिसायला थेट अडकित्ता. दोन दांडे, मध्ये बिजागरी, पुढे दोन जाड ठोकळे आणि प्रत्येकात अर्ध्या गोलाची खळगी. मिटला की आत पूर्ण गोल तयार होतो आणि वर ओतायला नरसाळ्यासारखं छोटं तोंड राहतं. बिजागरीला लागून दोन्ही दांड्यांवर धार काढलेली आहे, सुपारी कातरायला असते तशीच. एका दांड्याच्या आतल्या अंगाला १६ हा आकडा ठोकलेला. नाव नाही, साल नाही, कारखाना नाही.

पेटीत शिशाच्या अकरा गोळ्याही मिळाल्या. दहांना आरपार भोक आहे, एक अख्खी आहे. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळे व्हर्नियर आणि तराजू हाताशी होते. अख्खी गोळी १६.७ मिलिमीटर, वजन २७.६ ग्रॅम. रंग राखाडी, आणि पेटीच्या लाकडी तळाला टेकलेल्या बाजूवर पांढरी पूड धरलेली.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण साचा हातात दिल्याबरोबर अंगठा नेमका त्या धारेवर गेला आणि म्हणाले, "अरे, हा तर तुझ्या आज्याचा." आजोबांनी तो दारूखान्यातल्या भंगारातून आणला होता. तिथे जहाजं तोडतात, तिथलं शिसंही ते तिथूनच आणायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की जाळी विणायची, दोऱ्या बदलायच्या, आणि एक दिवस परसात तीन दगडांची चूल मांडून गळाच्या दोरीची शिशाची वजनं ओतायची. त्या दिवशी आजी पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. बाबा दहा वर्षांचे झाल्यावर त्यांना दांडे धरायला मिळाले. दोरीला खाली हे वजन, वर दोन गळ, आणि खाडीच्या मुखाशी शिंगाळे मासे. बाबांनी हे मला असं सांगितलं की जणू कालच परतलेत.

आता अडचण. साच्याचा फोटो घेऊन मी चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. विकायचा नव्हता, फक्त काय आहे ते कळावं म्हणून. दुकानदार फोटो बघून म्हणाला, हा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा आहे. चार हजार देतो, परदेशातलं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. मी नाही म्हटलं तर म्हणाला, घरात ठेवू नका बाई, पोलीस विचारतील.

मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या आजोबांनी जन्मात बंदूक हातात धरली नाही. मग हा साचा त्यांच्याकडे का? दुकानदार खरं बोलत असेल तर आम्ही सत्तर वर्षं काहीतरी चुकीचं घरात ठेवलंय का? आणि मला मनापासून हवंय ते असं की बाबांच्या हातून एकदा तरी वजनं ओतून घ्यावीत. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला ते बघू द्यावं. बाबांनंतर आमच्या घरात हे कुणालाच येत नाही. पण साचा वापरण्याजोगा आहे का, साफ कसा करायचा, आणि मुळात वापरावा का? जाणकारांनी कृपया सांगा.

---

परळचा संगमेश्वरी

ताई, दुकानदाराने नाव बरोबर सांगितलं. साचा बंदुकीच्या गोळीचाच आहे. आणि आजोबांनी त्यातून गळाची वजनंच ओतली, हेही तितकंच खरं. पुरावा तुमच्याच पेटीत आहे, तो शेवटी सांगतो.

आमच्या गावाकडे ठासणीची बंदूक ठाऊक नाही असं घर सापडणं कठीण. रानडुकरं भातात उतरतात म्हणून शेतकऱ्यांकडे परवान्याच्या असायच्या, अजूनही आहेत. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. या बंदुका हाताने घडवलेल्या, त्यामुळे एकीच्या नळीचा व्यास दुसरीशी जुळेल याची खात्री नसायची. म्हणून विलायती शिकारी बंदूक विकत घेतली की पेटीत तिच्या मापाचा साचा सोबत यायचा. बंदूक एकीकडे, साचा दुसरीकडे गेला की साचा निरुपयोगी. जुन्या बाजारांत साचे सुटे सापडतात ते यामुळे.

आता तुमचा १६. हा इंच किंवा मिलिमीटर नाही. बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीचं माप, मोजायची जुनी रीत अशी : एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या किती गोल गोळ्या होतात, तो आकडा. बाराच्या बोअरला पौंडात बारा गोळ्या, सोळाच्या बोअरला सोळा. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, सोळाने भागा, २८.३५ ग्रॅम येतात. त्या गोळीचा व्यास १६.८ मिलिमीटर. तुमची गोळी १६.७ आणि २७.६. शिसं थिजताना किंचित आकसतं, तेवढा फरक पडणारच. तुमच्या मोजमापावर मी खूश आहे. लोक नुसता फोटो टाकतात आणि सांगा म्हणतात.

मापावरून हेही कळतं की हा फौजी साचा नसावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत जी 'ब्राउन बेस' बंदूक होती तिची नळी पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि गोळी साधारण १७.५ची. ती ३२ ग्रॅमच्या आसपास भरते. गोळी नळीपेक्षा मुद्दाम बारीक ठेवायचे, कारण काळ्या दारूची काजळी नळीत साचत जाते आणि घट्ट गोळी दहाएक बार झाडल्यावर आत जाईना होते. शिवाय फौजेसाठी एकेक गोळी कोण ओतत बसणार, त्यांचे साचे लांब, एका ओळीत अनेक खळग्या असलेले. १८५३च्या एनफिल्ड रायफलची गोळी तर गोलच नाही, लांबट आहे. तुमचा साचा एका खळगीचा, गोल गोळीचा, हाताच्या मापाचा. कुणा शिकाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीसोबतचा असावा असं माझं मत. साल सांगायला मी धजणार नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. पितळी काडतुसं तयार मिळू लागली तशी घरी गोळी ओतायची गरज सरत गेली आणि असे साचे भंगारात जायला लागले. दारूखान्यात सापडला म्हणता. त्या जागेचं नावच बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून पडलं. तिथल्या भंगारात गोळीचा साचा सापडावा आणि तो कोळ्याच्या हाती लागून गळाला जावा, मला हे वाचून फार बरं वाटलं.

आता पुरावा. गळाच्या वजनाच्या साच्यात दोरी ओवायच्या भोकासाठी सुई किंवा तार ठेवायला खाच असते. तुमच्या साच्यात ती नाही. तरीही दहा गोळ्यांना भोक आहे, आणि पेटीत गिरमिट आहे. आजोबांनी साधी गोळी ओतली आणि शिसं मऊ म्हणून मागाहून गिरमिटाने भोक पाडलं. भोक पाडलेली गोळी बंदुकीत कोण घालेल? तुमच्या आजोबांनी काय केलं याची साक्ष त्या दहा गोळ्या देतायत. त्या जपून ठेवा, साच्याहून जास्त जपा.

साफसफाईबद्दल. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. घरातलं पितळ दिसलं की बायकांचा हात तिकडे जातोच, पण इथे आवरा. खळगीचा आतला पृष्ठभाग घासला की माप बिघडतं, आणि वरचा काळसर थर गेला की वस्तूचं वय पुसलं जातं. मऊ ब्रश, कोरडं फडकं, बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बास. आणि ती पांढरी पूड शिशाचा गंज आहे, विषारी. लाकडातून जी आंबट वाफ निघत राहते तिने शिसं असं फुलतं. हातमोजे घालून गोळ्या बाहेर काढा, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डबीत ठेवा, लाकडी तळाच्या त्या पेटीत परत नको.

वापरावा की नाही, तो प्रश्न मी कायदा जाणणाऱ्यांवर सोडतो.

---

वरळीचा नाखवा

बाय, आमच्या घरान पण शिशाची वजनां घरीच ओतायचे. आमचा साचा दगडाचा व्हता, दोन फाडी, मधी तार. तुजे बापाशीला माजा रामराम सांग. शिंगाल्याचा काटा लागला तं किती ठणकतो ते त्यालाच ठावं.

---

गिरगावचा ओतारी

वेसावकर ताई, मी बंदुकीतलं काही जाणत नाही. पण एकतीस वर्षं गिरगावात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ओतले, त्यामुळे शिशाबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असं समजतो. निर्णयसागरासारख्या छापखान्याने १८६९पासून ज्या भागात देवनागरी अक्षराला वळण दिलं, त्याच भागात मी सतराव्या वर्षी कामाला लागलो. ऑफसेट छपाई आली, खिळे वितळवून विकले गेले, आम्ही घरी बसलो. पण हाताला अजून सवय आहे.

आधी तुमची गोळी कशाची ते पाहू. १६.७चा गोल, म्हणजे घनफळ २.४४ घन सेंटिमीटर. शुद्ध शिसं घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम भरतं. गुणाकार करा, २७.७च्या आसपास येतात. तुमच्या तराजूवर आले जवळजवळ तेवढेच. तीच गोळी आमच्या खिळ्यांच्या धातूची असती तर? लायनोटाइपच्या, म्हणजे अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूत शंभरात ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. ती २५ ग्रॅमच्या आसपास भरली असती. म्हणजे आजोबांनी मऊ, निर्भेळ शिसं आणलं होतं. नखाने ओरखडून पाहा, रेघ उठेल. फरशीवर टाका, ठप्प आवाज येईल. खिळा टाकला तर टण्ण वाजतो आणि वाकवायला गेलात तर तुटतो. गिरमिटाने सहज भोक पाडायचं तर मऊच हवं. माणूस जाणकार होता.

आता ओतण्याबद्दल. मी हे लिहितोय ते तुम्ही कराच म्हणून नाही. करणार असाल तर अर्धवट माहितीवर करू नये म्हणून.

पहिलं पाणी. शिसं ३२७ अंशांना वितळतं. ओतताना ते ३७० ते ४०० असतं. त्यात पाण्याचा एक थेंब खाली गेला तर त्याची तत्क्षणी वाफ होते आणि कढईतलं सगळं शिसं तोंडावर येतं. वरून पडलेला थेंब चुरचुरून जातो, आत गेलेला मारतो. आमच्या खात्यात एकाने पावसाळ्यात दारात ठेवलेली शिशाची वीट उचलून थेट भट्टीत सोडली. वीट वरून कोरडी दिसत होती. त्याचा डावा डोळा गेला. मुंबईच्या हवेत धातूला घाम फुटतो हे कायम लक्षात ठेवा. वीट, पळी, साचा, जे जे शिशाला लागणार ते आधी कढईच्या काठावर ठेवून तापवायचं, मगच आत. पावसाची एक सर जरी दिसली तरी काम बंद.

भांडं बिडाचं किंवा लोखंडाचं. ॲल्युमिनियमचं मुळीच नको, सतत आचेवर राहिलं की नरम पडून तळ देतं. ते भांडं आणि पळी पुन्हा जन्मात स्वयंपाकाला वापरायची नाही. रंगाने खूण करून ठेवा. गाडीच्या बॅटरीतलं शिसं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यातून विषारी वायू निघतात.

शिसं पातळ झालं की वर राखेसारखा थर येतो. ती सगळी मळी नसते, बरंच चांगलं शिसं त्यात अडकलेलं असतं. मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकायचा, तो भपकन पेट घेतो, दचकायचं नाही, आणि पळीने तळापासून ढवळायचं. शिसं खाली उतरतं, उरते ती कोरडी पूड. ती पळीने काढून झाकणाच्या डब्यात. लोक धुराला घाबरतात. या तापमानाला शिशाची वाफ फार नसते, ५००च्या दिशेने गेलात तर वाढत जाते. खरा शत्रू ही पूड. ती बोटांना लागते, बोटं तोंडात जातात. मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाला बघू द्या, पण लांबून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करून. कढईला हात लावू देऊ नका. काम झाल्यावर साबणाने हात, तोंड, मग कपडे वेगळे धुवायचे. जागा झाडूने झाडू नका, पूड उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. आम्हाला संध्याकाळी गुळाचा खडा मिळायचा, शिसं उतरतं म्हणायचे. गूळ खाऊनही माझे दोन सोबती पोट धरून बसायचे. बाबांनी पूर्वी बरंच ओतलंय, जमल्यास रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

साच्याचं. गार साच्यात ओतलंत की गोळीवर सुरकुत्या येतात. पहिल्या तीनचार तशाच येणार, परत कढईत टाकायच्या. मेणबत्तीवर खळगी धरून काजळी चढवली की शिसं सरसर वाहतं आणि सुटतंही सहज. आणि धार न थांबता एका दमात ओतायची. आम्ही हातसाच्यात खिळा ओतायचो तेव्हा धातू आत जाताच मनगटाला एक हिसका द्यायचो, त्याने तो कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसायचा. त्या हिसक्यावर ओताऱ्याची किंमत ठरायची. साचा फार तापला की गोळी बर्फासारखी पांढुरकी दिसते, तेव्हा क्षणभर थांबायचं. तुमच्या साच्याची ती सुपारीची धार आहे ना, ती वरच्या तोंडात थिजलेलं शेपूट कापायला. बाबांचा अंगठा तिथे गेला असं लिहिलंत, ते वाचून मी थांबलो. माझाही गेला असता.

पण एक बोलतो. जुन्या पितळेच्या बिजागरीला पुन्हा आच देणं मला पटत नाही. दोन ठोकळे बसायला जराशी ढिलाई आली की गोळीवर पापुद्रा येतो आणि दर वेळी साचा थोडा थोडा मरतो. नवा बनवून घ्या. कुठल्याही लेथवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत नासपतीच्या आकाराची खळगी कापून मिळेल, तारेसाठी खाच ठेवायला सांगा. भांड्याला नको म्हटलेलं ॲल्युमिनियम साच्याला चालतं, कारण त्याला सततची आच नसते. बाबांना दांडे धरायचेत ना, लाकडी मुठी बसवून घ्या.

---

फोर्टातली वकील

फौजदारी वकिली करते. ओतारीकाका बोलले तेच मी कायद्याच्या बाजूने बोलणार आहे, आणि ताई, कृपया हे गांभीर्याने घ्या.

शस्त्र अधिनियम १९५९चा. त्यातल्या कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या बहुतेकांना वाटते त्याहून बरीच रुंद आहे. नुसतं काडतूस नाही, दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही त्यात येते. शंभर वर्षं जुना हातसाचा 'यंत्रसामग्री' ठरतो का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. कलम ४५ मध्ये सवलती आहेत. वापरण्याजोगी न राहिलेली जुनी शस्त्रं, आणि कुणाकडेही असलेल्या जोडीच्या भागांसोबत वापरायचा हेतू नाही असे किरकोळ सुटे भाग, यांना कायद्यातून वगळलंय. तुमच्याकडे बंदूक नाही, दारू नाही, हेतू नाही. तुमची बाजू मला भक्कम वाटते. पण असा वाद कोर्टात घालायची वेळच का यावी?

कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. गळाचं वजन ओतायला लागत नाही. पण १६ बोअरच्या साच्यातून निघालेली, भोक पाडायच्या आधीची गोल गोळी कशासाठी आहे हे तिच्याकडे बघून कुणी सांगू शकणार नाही. म्हणून या साच्यात ओतू नका. वेगळ्या आकाराचं, तार असलेलं वजन ओता, मग प्रश्नच उरत नाही.

साच्यासाठी एक साधा अर्ज करा. मुंबईत शस्त्रपरवान्यांचं काम पोलीस आयुक्तालय बघतं. जवळच्या ठाण्यात अर्ज द्या : कुठे सापडला, कुणाचा, काय मापाचा, फोटो, दहा भोकांच्या गोळ्यांचा उल्लेख, आणि तो ठेवण्याबद्दल मार्गदर्शन द्यावं ही विनंती. पोच घ्या. आपणहून गेलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात हा माझा अनुभव आहे.

आणि त्या परदेशी गिऱ्हाइकाचं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२च्या पुरावशेष कायद्याने पुरावशेष म्हणतात. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, तो अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. चार हजारांत कुणाच्या हाती देऊन स्वतःचं नाव त्या साखळीत घालू नका.

---

शिवडीचा खाडीवाला

मी पक्षी बघतो, म्हणून एवढंच. ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची गळवजनं विकायला १९८७पासून बंदी आहे, कारण राजहंस ती खडे समजून गिळायचे आणि मरायचे. वजन मोठं ठेवा, आणि तुटलेली दोरी दिसली की ओढून काढा. तुमच्या खाडीतही पक्षी उतरतात.

---

वेसावकरीण

सगळ्यांचे आभार. एकेकाला वेगळं लिहायला हवं होतं, पण जे झालं ते सांगते.

संगमेश्वरी दादांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दहा गोळ्यांची साक्ष, हे ऐकल्यावर त्यांनी डबी मागवली आणि एकेक गोळी बोटांनी चाचपली. एका गोळीचं भोक वाकडं आहे. म्हणाले, हे माझं. आज्याने कान पिळला होता, पण गोळी टाकली नाही. नाखवादादा, रामराम पोचवला. बाबांनी उजव्या हाताचा तळवा दाखवला, शिंगाळ्याच्या काट्याची खूण अजून आहे.

नखाची खूणही करून पाहिली. रेघ उठली, लगेच साबणाने हात धुतले.

वकीलताई, ठाण्यात अर्ज दिला. जाताना पाय कापत होते. साहेबांनी वाचला, फोटो ठेवून घेतले, गोळीला भोक का असं विचारलं आणि ऐकून घेतलं. शिक्का मारून पोच दिली. उत्तर यायचं आहे. तोवर साचा कपाटात, कुलपात.

साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडून नवा साचा करून घेतला. नासपतीच्या आकाराचा, साठ ग्रॅमचा, वर तारेचा डोळा. शिवडीकर दादा, म्हणून साठ. शिसं दुकानातून वीट म्हणून आणलं आणि तीन दिवस उन्हात ठेवलं, तरी काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी काठावर तापवलं. पाऊस लागायच्या आधीचा रविवार धरला. किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या वलांडींपासून आणि घरांपासून खूप लांब, वारा पाठीवर घेऊन चूल मांडली. मुलगा वीस पावलांवर, गॉगल लावून. जवळ यायला धडपडत होता, बाबांनीच ओरडून मागे लावला, जसं आजी त्यांना लावायची.

पळी मी धरली, कारण बाबांचा हात आता थरथरतो. दांडे त्यांनी धरले. मी ओतायला लागले की ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, थांब, भरला. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना. पहिली तीन सुरकुतली, ती त्यांनी बोट फिरवून ओळखली आणि परत कढईत सोडायला लावली. चौथं वजन गुळगुळीत निघालं. आणि ओतारीकाका, तुम्हाला हे सांगायचंच होतं : मी शिसं ओतल्या ओतल्या बाबांनी साच्याला हलकासा हिसका दिला. मी काहीच सांगितलं नव्हतं, तुमचा तो भाग मी वाचूनही दाखवला नव्हता. विचारलं तर म्हणाले, आजा असाच द्यायचा, का ते ठाऊक नाही.

एकोणीस वजनं झाली. बाबांनी त्यातलं एक खिशात ठेवायला मागितलं. मी नको म्हटलं, शिसं आहे. मग त्यांनी ते प्लॅस्टिकच्या डबीत घालून मागितलं. ती डबी आता त्यांच्या उशाशी आहे.